टप, टप, टप, टप
आधी हे हात बघा. तळवे पावडरने पांढरे झालेत, बोटं पसरलीयत आणि खाली मॅटवर ही निळी टेप. रुंदी १० सेंटिमीटर, मुद्दामच, कारण जिम्नॅस्टिक्समधला बॅलन्स बीम, म्हणजे ज्यावर तोल सांभाळत कसरती करतात ती अरुंद पट्टी, पण तेवढाच रुंद असतो. तो असतो जमिनीपासून १२५ सेंटिमीटर वर आणि ही टेप मॅटवरच आहे, तोल गेला तर पोरगी उठते आणि परत रांगेत.

नऊ वर्षांची आहे. कार्टव्हील, म्हणजे हात टेकून चाकासारखं बाजूने उलटं फिरणं, येतं तिला, म्हणजे कधी येतं कधी नाही, पहिलं एकदम मस्त जातं आणि दहा मिनिटांनी तेच वाकडं, पाय टेपपासून हातभर लांब. अशा वेळी आपण घरचे काय म्हणतो, अजून मार, पन्नास मारलेस की जमेल. इथे शिकवणाऱ्या ताईंनी उलट आकडाच कमी केला. एका पाळीत पाच, आणि लागोपाठ दोन बिघडली की तिथेच थांबायचं.

हा शॉट स्लो करून लावलाय. डावा पाय पुढे, गुडघा जरासा वाकलेला, दोन्ही हात कानाला लागलेले, प्रत्येक वेळी सुरुवात अगदी अशीच. मग डावा हात, उजवा हात, उजवा पाय, डावा पाय. ताई म्हणतात बघू नका, ऐका. टप, टप, टप, टप, चार आवाज सुटे यायला पाहिजेत. दोन्ही हात एकदम पडले की तीनच येतात, आणि मग कंबर वाकते, पाय डोक्यावरून जायच्या ऐवजी बाजूने फिरून येतात. आता दुसरा हात बघा, उजवा. बोटं पहिल्या हाताकडे वळलीयत. एवढंसं वळवलं की पुढचं अंग सहज वळतं आणि ती जिथून निघाली तिकडेच तोंड करून उभी राहते. हा हात वळायला किती दिवस गेले ते आम्ही शूट करत होतो म्हणून कळलं.

बिघडलं की पुन्हा सोपं करायचं. घडी घातलेल्या जाड मॅटवर हात टेकून, म्हणजे हात उंचावर, पाय खाली यायला सोपे. नाहीतर पोट भिंतीकडे करून हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटं उभं राहायचं, कोपरं ताठ. मागे मल्लखांब दिसतोय ना, ती मोठी पोरंसुद्धा रोज साध्या अढीपासूनच, म्हणजे खांबाला पायांनी धरायच्या पहिल्या पकडीपासूनच, सुरू करतात, मला हे फार आवडतं. रीलमध्ये हात न टेकता मारलेलं कार्टव्हील बघून लहान मुलांना तेच करायला लावतात, ते थांबायलाच हवं.

मनगटं आधी गरम करायची, गुडघ्यावर बसून, तळवे टेकून, हळूहळू पुढेमागे. या वयात मनगटाची हाडं वाढत असतात, दुखलं तर त्या दिवशी हातावर वजन नाही, दुखणं राहिलं तर डॉक्टर. घरी फरशीवर नको, गादीवर पण नको, मनगट रुततं.

ही तिची वही. पाचपैकी टेपवर किती. सोमवारी दोन, बुधवारी दोन, शुक्रवारी चार, पुढच्या सोमवारी परत तीन.

आता आजची शेवटची पाळी. इथे मी बोलत नाही, आवाज वाढवा आणि मोजा.