दोनशे रूबलच्या सपाता

श्रोतेहो, नमस्कार.

बॅले म्हटलं की डोळ्यांसमोर परीसारखी मुलगी येते. पांढरा झगा, आणि सगळं अंग पायाच्या बोटांच्या टोकावर तोललेलं. पण पॅरिसच्या रंगमंचावर आधी नाचले ते पुरुष, आणि तेही टाचेच्या बुटांत! फ्रान्सचा राजा चौदावा लुई १६५३ साली रात्रभर चालणाऱ्या एका बॅलेत सूर्य बनून नाचला. वय वर्षं चौदा. 'सूर्यराजा' हे त्याचं नाव जगभर झालं. पुढं १६६१ मध्ये त्यानं नृत्याची अकादमी काढली. आणि पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकीचं पाऊल पडलं ते थेट १६८१ मध्ये. तोवर बायकांच्या भूमिकाही पुरुषच मुखवटे लावून करत. बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेल्या महाराष्ट्राला यात नवल वाटायला नको. म्हणून सांगतो, घरातला मुलगा नाचाच्या वर्गाला जायचं म्हणाला तर खुशाल पाठवा. आणि शाळेच्या गॅदरिंगला तबला-पेटीवाला बसवा हो! लाउडस्पीकरवरच्या गाण्यावर पावलांना ताल कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

असो. आपण पायांबद्दल बोलत होतो. पुढच्या शतकात मारी कामार्गो नावाच्या नर्तकीनं झगा घोट्याच्या वर घेतला, कारण तिचं चपळ पदलालित्य लोकांना दिसायला हवं होतं. घोटा दिसला म्हणून पॅरिसमध्ये केवढी चर्चा! नुसता घोटा, श्रोतेहो.

आणि आता माझी लाडकी गोष्ट. मारी टाल्योनी. १८३२ साली 'ला सिल्फीद' या बॅलेत ती पॅरिसमध्ये वनपरी झाली आणि बोटांच्या टोकांवर अशी तरंगली की लोक वेडे झाले. वडील फिलिप्पो हेच तिचे गुरू, रोज तासन् तास घाम काढायचे. १८३७ मध्ये ती रशियात सेंट पीटर्सबर्गला गेली. तिथं पाच वर्षं नाचली. १८४२ मध्ये ती निघाली तेव्हा रसिकांना काही राहवेना. तिच्या नाचाच्या सपातांचा एक जोड त्यांनी विकत घेतला, दोनशे रूबलला. बरं, घेतला तर घेतला. काचेच्या कपाटात ठेवावा, नातवंडांना दाखवावा. छे! सांगतात असं की, तो त्यांनी आचाऱ्याकडे दिला. शिजवला. वरून सॉस ओतला. आणि मंडळींनी पंगत मांडून तो खाल्ला!

सपाता, श्रोतेहो. शिजवून. सॉस घालून.

घरात ज्यांनी बोकडाचे पाये रांधलेत त्यांना ठाऊक आहे, कातडं मऊ व्हायला किती वेळ लागतो ते. रात्रभर मंद आचेवर ठेवावं लागतं, घाई केली की रबर होतं. त्या आचाऱ्याची मला फार काळजी वाटते. मीठ कधी घातलं असेल? पण एक गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली. आजच्या बॅलेच्या सपातेचं टोक कापडाचे, कागदाचे थर डिंकासारख्या खळीनं चिकटवून कडक केलेलं असतं. ती शिजवली तर पातेल्यात खळच उरेल. टाल्योनीची सपाता तशी नव्हती. वर मऊ साटिन, खाली चामड्याचा पातळ तळवा, बस्स. टोकाला आधार कसला? रफूचा. बोटांपाशी दोरा घालून घालून कापड घट्ट करायचं, आणि बाकी सगळा भार पायाच्या बोटांनी पेलायचा. हे पुन्हा सांगतो, कारण तिथंच तिची थोरवी आहे: सपाता मऊ होती, कडक होते ते तिचे पाय.

पीटर्सबर्गच्या त्या रसिकांच्या ताटात पडलं ते साटिन, चामडं आणि रफूचे टाके. पाय घेऊन ती केव्हाच पुढच्या गावी नाचायला निघाली होती.

नमस्कार.