दोन फुटांची काठी आणि एक ब्रास जळण

श्रोतेहो, नमस्कार.

आमचं गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या काठाला. घरात गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी अजून तांब्याच्या बंबातच तापतं आणि चार पाहुणे आले की भाकरी चुलीवरच होतात. म्हणजे जळण लागतंच. पूर्वी ते मी विकत घ्यायची. गाडीभर म्हणून यायचं, गाडीभराचे पैसे जायचे. गाडी पोकळ रचली होती की दाबून, हे काही मला कळायचं नाही. म्हणून एका मार्गशीर्षात वजनावर घेतलं. काट्याची पावती हातात, त्यामुळे मी निर्धास्त. बंबात घातलं तर टोकांतून फेस यायला लागला, मोरी धुरानं भरली आणि पाणी काही तापेना. बाभूळ नुकतीच तोडलेली होती. लाकडाच्या भावानं मी पाणी विकत आणलं होतं.

मामंजी तेव्हा पंचाहत्तरीचे होते. ते रागावले नाहीत. त्या ढिगातला एक फाटा त्यांनी उचलला, धान्याच्या काट्यावर ठेवला आणि पडवीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं, ‘४ किलो’. मग तो फाटा आढ्याला टांगला. दर पंधरवड्याला मी तो उतरवून तोलायची आणि खाली नवा आकडा लिहायची. अक्षय्य तृतीयेला आकडा तीन किलोवर आला आणि तिथंच थांबला. एका फाट्यातून एक किलो पाणी उडून गेलं होतं.

हे पाणी चुलीत गेलं की काय होतं ते सांगते. उकळी आल्यानंतरही एक किलो पाण्याची वाफ व्हायला ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. ती लाकडाच्याच जाळातून जाते. शिवाय जाळ थंड पडतो, लाकडातून निघणारा वायू नीट पेट घेत नाही आणि धूर होऊन डोळ्यांत जातो. खरं तर तो धूर म्हणजे न जळलेलं जळणच. आपल्या आयाबायांनी फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे घालवले, त्यात ओल्या लाकडाचा वाटा फार मोठा आहे. मला हे मनापासून लागतं, म्हणून आज हा विषय घेतला.

त्या वर्षी मामंजी मला बांधावर घेऊन गेले. मोठं झाड एकट्यानं पाडायचं नाही, ही त्यांची पहिली अट. आम्ही वाळायला आलेल्या आणि खाली झुकलेल्या फांद्या घेतल्या. आधी कोयत्यानं काटेरी डहाळ्या वेगळ्या, त्या कुंपणाला. शेंगा शेळ्यांना. मग जाड फांदीवर दोन मुठींची करवत, एका टोकाला ते, दुसऱ्याला मी. करवत ढकलायची नसते, फक्त आपल्याकडे ओढायची. समोरच्याचं ओढणं समोरच्यावर सोडायचं. हे माझ्या हाताला कळायला आठ दिवस लागले. बांधावर सुबाभूळही आहे. ती कमरेएवढी राखून तोडली की पुन्हा भरघोस फुटते. बाभूळ बुंध्यातून तशी फुटत नाही, म्हणून तिच्या फांद्याच घ्याव्यात, खोडाला हात लावू नये.

परवानगीचंही सांगून टाकते. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, साग, खैर ही झाडं त्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या रानात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही, पण गायरानातली आणि रस्त्याकडेची बाभूळ आपली नव्हे. तोडण्याआधी आणि गाडीत भरण्याआधी वनरक्षकाला विचारून घ्या.

आता फोडणं. बाभळीचं लाकूड वाळलं की लोखंड होतं, उगाच नाही त्याची गाडीची चाकं करत. तेव्हा ती ओली असतानाच फोडायची. फोडली की वाळतेही लवकर, कारण साल पाणी बाहेर जाऊ देत नाही. खाली जाड बुंध्याचा ठोकळा, त्यावर ओंडका उभा. पाय फाकवून उभं राहायचं, म्हणजे कुऱ्हाड निसटलीच तर दोन पायांच्या मधून जाते. मी पहिल्या दिवशी सगळा जोर लावून बरोबर मध्यावर घाव घातला. कुऱ्हाड रुतली ती निघेना. मामंजी म्हणाले, “सूनबाई, मधे नको. कडेकडेनं चिरत ये. आणि आधी टोकाला भेग बघ, लाकूड कुठं फाटायचं ते तीच सांगती.” खरंच, ओंडक्याच्या तोंडावर केसाएवढी भेग असते. तिच्या रेषेत घाव बसला की ढलपी टणकन उडते. गाठ असलेला ओंडका मात्र कुऱ्हाडीनं फोडू नये. त्याला लोखंडी पाचर आणि घण. पाचर हलक्या ठोक्यानं बसवायची, हात काढून घ्यायचा आणि मगच घण उचलायचा.

वाहून आणण्यात माझी पाठ एकदा धरली. तेव्हापासून डोक्यावरची मोळी मी वीस किलोच्या वर बांधत नाही. जाड बुडखे एकाआड एक उलटसुलट लावायचे, दोन ठिकाणी आवळायचं, डोक्यावर चुंबळ. जास्त असेल तर बैलगाडी. गाडीत मागं वजन पडलं की ती उलाळ होते, म्हणजे पुढून वर उचलली जाते, दोरी बैलांच्या गळ्याला काचते. पुढं फार झालं तर सगळा भार त्यांच्या खांद्यावर येतो. ओझं आखाच्या किंचित पुढं हवं.

आणि मोजणं, ज्याच्यासाठी मी हे सगळं शिकले. दोन फुटांची एक काठी घ्यायची. प्रत्येक ओंडका तिच्या मापानं कापायचा. मग दगडांवर दोन लांब बल्ल्या टाकून त्यावर थप्पी रचायची, दहा फूट लांब आणि पाच फूट उंच. दहा गुणिले पाच गुणिले दोन, शंभर घनफूट. वाळूचं ब्रास आपल्याला माहीत आहे, तेच हे ब्रास. थप्पीचा साधारण तिसरा हिस्सा हवाच असते, तरी वाळलेल्या बाभळीचं एक ब्रास टनाच्या वर भरतं. पांगारा किंवा शेवरी त्याच मापात कितीतरी हलकी.

मग मी आठवडाभर बंबात जाणारं जळण तोलून घातलं. दिवसाला तीन किलो आलं. वर्षाचं अकराशे किलो. म्हणजे आमच्या बंबाला वर्षाला बाभळीचं एक ब्रास बस होतं. हा हिशेब कळला त्या दिवशी मला किती हलकं वाटलं, काय सांगू! आता झाडाकडे बघूनच कळतं की कुठं थांबायचं.

तोड माघात. थप्पी वाऱ्याच्या वाटेवर, वरून पत्रा, बाजू उघड्या. मृगाच्या आत सगळं छपराखाली. दोन फाटे एकमेकांवर आपटले आणि टणटण आवाज आला की जळण वाळलं. थप्प वाजलं तर अजून थांबायचं. थप्पीतून काढताना मात्र हात थेट घालू नका. सालीखाली विंचू असतो, तळाला घोणसही निघते. आधी काठीनं हलवा.

त्यासाठी मी तीच दोन फुटांची काठी वापरत नाही, लांबडी घेते. छोटी काठी बंबाजवळच्या खुंटीला असते. सांजेला मुलगी त्याच मापाचे तुकडे घेऊन मधून दोन करते, त्याची बारीक बंबफोड करते आणि तीन किलोचा ढीग मोरीच्या कोपऱ्यात सकाळसाठी लावून ठेवते.

नमस्कार.