मिश्कोल्त्सचा बेडूक आणि डुकराच्या पायांची जेली

नमस्कार मंडळी. आज हंगेरीतला कोचोन्या. म्हणजे डुकराचे पाय तासन्‌तास शिजवायचे, रस्सा गाळून खोलगट ताटल्यांत ओतायचा, थंडीत ठेवून द्यायचा, सकाळी त्याची जेली झालेली असते आणि मधे मांस अडकलेलं. झालं, एवढंच आहे. आता काही जणांनी नाक मुरडलं असणार, माहितीय मला, पण मटणाचे पाये केल्यावर उरलेला रस्सा फ्रीजमध्ये ठेवलाय ना कधी? सकाळी पातेलं हलवलं की थरथरतो, तेच हे. फक्त तिकडची माणसं ते मुद्दाम करतात आणि गरम न करता तसंच थंडगार खातात. ज्यांच्याकडे पोर्क चालत नाही त्यांनी रेडिओ बंद करू नका, पुढे एक बेडूक येणारे.

हा पदार्थ हिवाळ्यातला. तिकडे गावाकडे थंडीत घरचं डुक्कर कापतात, सॉसेज भरून होतात, चरबी कढवून होते, मग उरतात पाय, कान, शेपूट, कातडं. त्याचा हा कोचोन्या. नवीन वर्षाला डुक्कर खायचंच, कारण डुक्कर नाकाने माती पुढे ढकलतं तसं नशीब पुढे ढकलतं, कोंबडी मागे उकरते, म्हणून त्या दिवशी चिकन नाही. आपल्याकडे पोर्क म्हटलं की गाडी सोरपोतेलवरच थांबते, गोव्याबाहेर तर तेवढीही जात नाही, असो.

आता काय घ्यायचं. पाय आणि कातडं. परत सांगतो, पाय आणि कातडं, कारण जेली त्यांच्यातूनच येते, नुसतं लुसलुशीत मांस घेतलं तर सूप होईल, जेली होणार नाही. दोन किलो घेतलंत तर त्यात निम्म्याहून जास्त पाय, थोडं कातडं आणि खायला म्हणून एक मांसल गुडघ्याचा तुकडा. वसईला, बांद्र्याला, पुण्यात कॅम्पात, गोव्यात तर कुठेही, दुकानदाराला सांगा पाय उभे चिरून द्या आणि केस नीट जाळून द्या. पहिली उकळी आली की ते पाणी फेकायचं. मग ताजं पाणी, मांसाच्या वर तीन बोटं, अख्खा कांदा, गाजर, काळी मिरी, तमालपत्र, मीठ, आणि लसूण शेवटच्या तासाला भरपूर. गॅस एकदम बारीक. उकळ्या फुटू द्यायच्या नाहीत, नुसते बुडबुडे, चार-पाच तास. खळखळ उकळलं की चरबी पाण्यात मिसळते आणि जेली गढूळ होते. कुकरमध्ये होत नाही असं नाही, पण किती शिट्ट्या ते मला विचारू नका, शिट्ट्यांच्या मापाने आपल्या स्वयंपाकाचं जेवढं वाटोळं झालंय तेवढं कशानेच झालेलं नाही, प्रत्येकाचा कुकर वेगळा, गॅस वेगळा आणि शिट्टी मात्र सगळ्यांना तीनच.

आणि हो, आपल्याकडे मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात, ती इथे अजिबात नको. पपईतलं एन्झाइम जेली धरूच देत नाही.

बरं, आता बेडूक. मिश्कोल्त्स हे हंगेरीच्या ईशान्येचं शहर, एकेकाळी पोलादाच्या कारखान्यांचं. शहरातच ऑवॉश नावाची टेकडी आहे आणि तिच्या पोटात शेकडो तळघरं कोरलेली आहेत, वाईन ठेवायला. बुडापेस्टला आम्ही भाड्याने राहायचो तिथल्या घरमालकीणबाई, नेनी म्हणायचो आम्ही त्यांना, तिकडे वयस्कर बाईला तसंच म्हणतात, त्या ही गोष्ट सांगायच्या, आणि प्रत्येकजण ही जरा वेगळी सांगतं, मी नेनींची सांगतो.

तर मिश्कोल्त्समध्ये एक खानावळ होती. खानावळवाल्याच्या बायकोने संध्याकाळी कोचोन्या केला, ताटल्या भरल्या, आणि गार व्हायला तळघरात नेऊन ओळीने मांडून ठेवल्या. झाकण नाही. नेनी इथे थांबायच्या आणि बोट वर करायच्या. झाकण नाही! थंडीचे दिवस, तळघरात एक बेडूक बिचारा दगडाच्या फटीत झोपलेला, त्याला काय झालं कुणास ठाऊक, रात्री जाग आली आणि त्याने उडी मारली ती थेट ताटलीत. आता वर चढावं तर गुळगुळीत, आत शिरावं तर मांसाचा तुकडा, तो तसाच बसून राहिला आणि रस्सा हळूहळू त्याच्याभोवती धरत गेला. सकाळपर्यंत बेडूक गळ्यापर्यंत जेलीत.

इथे आमच्यातल्या एका इंजिनियरने नेनींना अडवलं होतं, म्हणे गरम रश्श्यात बेडूक जगेल कसा. नेनी भडकल्या. पण त्याचं उत्तर सोपं आहे, हा रस्सा साधारण २० डिग्रीच्या खाली आल्याशिवाय धरत नाही, म्हणजे गरमपणा जाऊन बराच वेळ तो नुसता गार पातळ असतो. बेडकाने उडी मारली ती उशिरा. नेनींना हे पटलं, त्या पुढे सांगायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी एक प्रवासी आला, भुकेला, दमलेला. दिवा मिणमिणता. पोऱ्याने ताटली आणून ठेवली, प्रवाशाने ब्रेड तोडला, सुरी घेतली, खाली बघितलं तर ताटलीतून कोणीतरी त्याच्याकडे बघतंय. त्याला वाटलं मिरी असेल. दोन मोठ्या मिऱ्या. मग एक मिरी मिटली. मग दुसरी. प्रवासी म्हणाला, मालक, तुमचा कोचोन्या डोळे मिचकावतोय. मालक न बघताच म्हणाला, साहेब, ताजा आहे ना! आणि नेनी स्वतः दोन्ही डोळे अशा काही मिचकावायच्या की आमच्या हातातलं खाणं खाली पडायचं. बेडूक डोळे मिटतो तेव्हा ते चक्क आत ओढून घेतो बरं का, घास गिळायलाही तो डोळ्यांची मदत घेतो, त्यामुळे जेलीत ते काय दिसलं असेल विचार करा.

तेव्हापासून हंगेरीत म्हण पडली, कोणी काही न कळून नुसता बघत बसला की म्हणतात, मिश्कोल्त्सच्या कोचोन्यातल्या बेडकासारखा मिचकावतोय. आमच्या ऑफिसातल्या मीटिंगांत मला ही म्हण फार आठवायची. आणि त्या गावाने काय करावं? दर फेब्रुवारीत कोचोन्याचा मोठा उत्सव भरवतात आणि सगळीकडे बेडकाची चित्रं. आपल्या एखाद्या गावाच्या मिसळीबद्दल अशी म्हण असती तर बदनामी झाली म्हणून मोर्चा निघाला असता, पुतळे जाळले असते, लिहून देतो.

वेळ संपत आलीये, भराभर सांगतो. मांस हाडातून सुटलं की काढून ताटल्यांत लावा. रस्सा चाखा, मीठ थोडं जास्तच हवं, कारण थंड पदार्थात मिठाची चव कमी जाणवते. चमचाभर रस्सा वाटीत घालून फ्रीजमध्ये ठेवून बघा, धरला तर ठीक, नाहीतर अजून आटवा. वरची चरबी काढा, फेकू नका, कांदा परतायला भारी लागते. फडक्यातून गाळा, ओता, गार होऊ द्या, झाकण ठेवा आणि फ्रीजमध्ये. झाकण का, ते आता सांगायला नको. रात्रभर ओट्यावर मात्र ठेवू नका, बुडापेस्टची हिवाळ्यातली गारठलेली खिडकी आणि आपला ओटा यात फरक आहे. जेलीवर जंतू मजेत वाढतात, जंतूंचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तर मुद्दाम वाढवायचे, पण ३७ डिग्रीला जेली वितळायची, मग १८८१ च्या सुमाराला तिथल्याच एका सहकाऱ्याच्या बायकोने, फॅनी हेसे या बाईंनी, अगर-अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, वापरा म्हणून सुचवलं, त्या ते घरी पुडिंगला वापरायच्या. स्वयंपाकघराने विज्ञान वाचवलं, आणि नाव कोणाचं ऐकतो आपण? कॉखचं. असो, तो वेगळा कार्यक्रम होईल.

वाढताना वरून गोड पॅप्रिका भुरभुरवा, नसेल तर काश्मिरी मिरची चालेल, लिंबू किंवा व्हिनेगर, आणि पांढरा ब्रेड. गरम चपातीबरोबर खाऊ नका, ताटात पाणी होईल. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो. फ्रीझरमध्ये नको, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि जेली मोडते. आणि सकाळी धरलाच नाही तर परत गॅसवर चढवा, आटवा, पुन्हा ओता, तरीही नाही धरला तर लिंबू पिळून सूप म्हणून प्या. नमस्कार.