सात, साठ आणि आठ

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा, मी माईक जवळ घेतो, कारण आजचा विषयच नीट ऐकू येण्याचा आहे.

हॅम रेडिओ, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने चालवायचा बिनतारी सेट, म्हटलं की लोकांना वाटतं परदेशातल्या लोकांशी गप्पा. त्या आम्ही मारतोच, पण मला बोलायचंय नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवरच्या एका हाफ मॅरेथॉनबद्दल, आम्ही अकरा जण पहाटे चारपासून पाण्याच्या स्टॉलपाशी सेट घेऊन उभे होतो. हातातला पाच वॅटचा सेट, टू मीटर बँड, म्हणजे हॅमवाल्यांना दिलेल्या लहरींचा एक पट्टा, आपल्याकडे 144 ते 146 मेगाहर्ट्झ, आणि बाजूला खाडी, खारफुटी, रस्ता मोकळा, त्यामुळे आवाज मस्त पोचतो. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी बिल्डिंगांच्या मागे उभं राहिलं की तोच सेट गप्प होतो, मग मध्ये एक माणूस ठेवून निरोप पुढे द्यावा लागतो.

मोबाईल असताना हे कशाला, असं आयोजक दरवेळी विचारतात. विसर्जनाला ठाण्याच्या तलावपाळीवर उभं राहून फोन लावून बघा ना, सगळे एकदम व्हिडिओ पाठवत असतात आणि टॉवरची क्षमता तेवढीच. शिवाय फोनवर एकालाच कळतं, रेडिओवर एक बोलला की अकराही जणांना कळतं. फक्त दोघांनी एकदम बटण दाबलं तर एफएमवर जोरदार सिग्नल दुसऱ्याला दाबून टाकतो, नाहीतर नुसती शिट्टी येते. म्हणून नेट कंट्रोलला एक जण असतो, तो सांगेल तेव्हाच बोलायचं, आणि बटण दाबल्यावर सेकंदभर थांबायचं, नाहीतर पहिलाच शब्द कापला जातो.

त्या दिवशी मी नेट कंट्रोलला होतो. निरोप आला, "रनर खाली बसलाय, चक्कर, किलोमीटर सात." मी ऐकलं आठ. ॲम्ब्युलन्स आठच्या बोर्डापाशी गेली, तिथे कोणीच नाही, आणि सातवर आमचा पोरगा त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन घामाने भिजलेला, परत परत विचारतोय, "निघाली का?" चार-पाच मिनिटं गेली असतील, ती मला अजून आठवतात. माणूस सलाईन लावल्यावर शुद्धीत बोलायला लागला, पण चूक माझी होती, मी निरोप परत वाचून दाखवला नव्हता.

आपल्या भाषेत सात, साठ, आठ रेडिओवर एकसारखेच वाटतात हो! आता आम्ही साठ म्हणतच नाही, "सहा शून्य" म्हणतो, आणि सातच्या जोडीला खूण सांगतो, "सात, चाणक्यच्या सिग्नलपाशी". ऐकणाऱ्याने सगळं परत म्हणायचं, मगच ॲम्ब्युलन्स हलते.

लायसन्स दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन मिळतं, वयाच्या बारा वर्षांपासून पुढे कोणीही बसू शकतं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे खालच्या पायरीच्या लायसन्सला, मोर्सची, त्या टिंब-रेघांच्या लिपीची, अट नाही. आणि ही सेवा फुकटच करायची, नियमच तसा आहे, त्यामुळे आयोजकांनी आम्हाला फुकटचे वॉकीटॉकीवाले समजू नये, नकाशा आणि डॉक्टरांची जागा आदल्या दिवशी आमच्या हातात द्यावी. एकदा तो नकाशा शर्यत सुरू झाल्यावर मिळाला होता.

नवीन लायसन्सवाल्यांना आम्ही रविवारी सकाळी तलावपाळीला नेतो. एका टोकाला उभा असलेला टीएमटीच्या बसचे नंबर वाचतो, दुसऱ्या टोकाचा लिहून घेतो. परवा अठरापैकी दोन चुकले, दोन्हीत सात होता.