वाढपी कुठे अडला? अपग्रेडनंतर तुटणाऱ्या आवाजाचा शोध

(घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या एका मेळाव्यातलं भाषण. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

नमस्कार. माइक तपासताना आत्ता जी तडतड ऐकू आली ती केबलची होती. ती बदलली, प्रश्न मिटला. आज बोलायचंय ते दुसऱ्या तडतडीबद्दल. केबल ठणठणीत, इंटरफेस (माइक आणि संगणक जोडणारी डबी) ठणठणीत, काल रात्रीपर्यंत सगळं छान वाजत होतं. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली आणि सकाळपासून टक, टक, मग एक लांब खड्डा आणि प्लेबॅक बंद. हात वर करा, कोणाकोणाचं झालंय? ... म्हणजे जवळपास सगळ्यांचं.

माझं झालं ते गणपतीच्या बारा दिवस आधी. एका भजनी मंडळाचं काम होतं. पेटी, पखवाज, तबला, टाळ, मुख्य गायक, सहा जणांचा कोरस, मिळून 28 ट्रॅक. निम्मं रेकॉर्डिंग झालेलं, निम्मं बाकी. आणि आदल्या रात्री मी अपडेटचं बटण दाबलं. लग्नघरात ऐन मुहूर्ताच्या आठवड्यात रंगकाम काढावं तसं. का दाबलं ते विचारू नका. समोर आलं, दाबलं.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली, मी कालचं गाणं ऐकवायला घेतलं आणि पहिल्या कडव्यातच आवाज तुटायला लागला. एका मित्राचा सल्ला: रॅम कमी पडतेय. मी धावत जाऊन 16 जीबी रॅम आणून बसवली. तडतड जशीच्या तशी. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर प्रोसेसर 35 टक्क्यांवर, आरामात. मग मी गोंधळलो. मशीन रिकामं बसलंय आणि आवाज मात्र तुटतोय, हे कसं?

हे समजून घेण्यासाठी पंगतीला बसू या.

पानं मांडली आहेत, माणसं जेवतायत. जेवणारा थांबत नाही, तो ठरलेल्या वेगाने घास घेत राहतो. हा तुमचा इंटरफेस. 48,000 हर्ट्झवर काम करत असाल तर सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापं, न चुकता. वाढपी म्हणजे संगणक. बफर म्हणजे वाढपी एका फेरीत पानात किती टाकतो ते. 128 नमुन्यांचा बफर म्हणजे डावभर भात. तो 2.67 मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात वाढपी परत आला पाहिजे. सेकंदाला 375 फेऱ्या. चार मिनिटांच्या गाण्यात 90,000 फेऱ्या. त्यातल्या 89,999 वेळेवर झाल्या आणि एक चुकली, तर त्या एका जागी पान रिकामं. कानाला ऐकू येते ती टक हीच.

आता 35 टक्क्यांचा अर्थ बघा. तो आकडा सांगतो की सगळ्या मांडवात मिळून, सरासरीने, वाढपी किती वेळ कामात होते. त्या एका फेरीच्या वेळी वाढप्याला दारात कोणी गाठलं आणि 'काय रे, ओळखलंस का?' म्हणत उभं केलं, ते त्या आकड्यात दिसत नाही. ड्रॉपआउट, म्हणजे हे आवाज तुटणं, हा उशिराचा आजार आहे. ताकद कमी पडली तरी उशीर होतो हे खरं, पण ताकद भरपूर असूनही उशीर होतो, आणि अपग्रेडनंतर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. माझी रॅम म्हणूनच वाया गेली. मांडवाला जागा कमी नव्हती, वाढपी अडला होता. कुठे अडला, एवढंच शोधायचं.

कोणी म्हणेल, मग डाव कशाला, परातच ओता पानात. बफर 1024 करा. मिक्सिंग करत असाल तर खुशाल करा, 21 मिलिसेकंदांची सवड मिळते. पण गायक हेडफोनवर स्वतःला सॉफ्टवेअरमधून ऐकत असेल तर? आवाज आत जाताना एक बफर, बाहेर येताना एक बफर, झाले जवळपास 43 मिलिसेकंद. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे गायकाला स्वतःचाच आवाज साडेचौदा मीटरांवरून आल्यासारखा वाटणार. पखवाजवाल्याला असं ऐकवून बघा, दुसऱ्या आवर्तनाला तो हेडफोन काढून तुमच्या हातात देईल. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची, म्हणजे संगणकात न जाता आवाज थेट हेडफोनला देण्याची, सोय असेल तर ती वापरा आणि बफर वाढवा. घरगुती स्टुडिओतली निम्मी भांडणं त्यात मिटतात.

तर शोध. माझा दीड दिवस ज्या चाचण्या न केल्यामुळे गेला, त्या आधी सांगतो.

गाणं एक्स्पोर्ट करा आणि तयार झालेली फाइल साध्या प्लेयरवर ऐका. एक्स्पोर्ट करताना जेवणारा कोणी नसतो. डबे भरायचे असतात, घाई नाही. कितीही वेळ लागला तरी चालतो. त्यामुळे फाइलमध्ये टक नसेल तर तुमचं ध्वनिमुद्रण शाबूत आहे, बिघाड फक्त वाजवण्याच्या वेळचा आहे. अंगावर मुदत असेल तर मिक्स पाठवून द्या आणि शोध नंतर करा. फाइलमध्येही त्याच जागी टक असेल तर ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम), बफर, वायफाय सगळं सोडा. ती टक ट्रॅकमध्येच आहे किंवा एखाद्या प्लगइनने, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोड-प्रोग्रामने, निर्माण केली आहे.

मग नवं कोरं प्रोजेक्ट उघडा. एक ट्रॅक, एकही प्लगइन नाही. पाच मिनिटं वाजू द्या. इथेही तुटत असेल तर दोष मशीन आणि ड्रायव्हरच्या बाजूला. इथे स्वच्छ असेल तर दोष तुमच्या गाण्याच्या प्रोजेक्टमध्ये.

आणि जुनी आवृत्ती अजून मशीनवर असेल, पुष्कळ सॉफ्टवेअर दोन मोठ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवू देतात, तर गाण्याची जुनी प्रत त्यात उघडा. मुद्दाम 'प्रत' म्हणतोय. नव्यात साठवलेलं प्रोजेक्ट जुन्यात उघडेलच असं नाही. जुन्यातही आज तडतड येत असेल तर नव्या आवृत्तीला शिव्या देणं थांबवा. त्याच रात्री विंडोजनेही स्वतःला अपडेट केलेलं असू शकतं. आपण एक बदल केला असं आपल्याला वाटतं, मशीनने तीन केलेले असतात.

माझ्याकडे काय निघालं? एक कारण निघालंच नाही. चार निघाली, एकावर एक बसलेली. म्हणूनच ते लवकर सापडेना. एक काढलं तरी तडतड उरायची आणि मला वाटायचं, हे नव्हतं तर. मी ते पूर्ववत करायचो. हा शुद्ध मूर्खपणा होता. टक कमी झाली तर तो बदल तसाच राहू द्या आणि पुढे जा.

पहिलं सगळ्यात साधं. नव्या आवृत्तीने जुन्या सेटिंग्ज आणल्याच नव्हत्या. इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर सोडून ती विंडोजच्या सामायिक वाटेने आवाज पाठवत होती. स्टाइनबर्ग कंपनीने एएसआयओ काढलं ते 1997 साली, आणि ते याचसाठी की संगीताच्या सॉफ्टवेअरला विंडोजच्या गर्दीतून न जाता थेट ध्वनी-कार्डापर्यंत पोचता यावं. मॅकवाल्यांना ही निवड करावी लागत नाही, तिथे कोअर ऑडिओ एकच. ड्रायव्हर परत निवडला, आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने, तो तपासला. तो 96,000 वर जाऊन बसला होता! हे नीट लक्षात घ्या: बफरचा आकडा तोच ठेवून सॅम्पल रेट दुप्पट केला की वेळ निम्मा होतो आणि काम दुप्पट. 256 चा बफर 48,000 वर सव्वापाच मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ देतो, 96,000 वर फक्त 2.67.

एवढ्याने निम्मी तडतड गेली. उरली ती दर वीस-पंचवीस सेकंदांनी येणारी एकच टक, गाणं कुठलंही असो, रिकाम्या प्रोजेक्टमध्येसुद्धा. अशी ठरावीक अंतराने येणारी टक गाण्यातली नसते. इथे लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन कामी आलं. विंडोजमध्ये ड्रायव्हर मंडळींना मधेच घुसून प्रोसेसर ताब्यात घेण्याचा हक्क असतो. कोण किती वेळ ताबा ठेवतो ते हे साधन मोजतं. यादीत वर होतं नेटवर्कचं नाव. वायफाय बंद केलं, टक गेली. दारात वाढप्याला गप्पा मारत उभं करणारे गृहस्थ ते हेच. तुमच्याकडे ते ग्राफिक्स कार्ड असेल, लॅपटॉपची बॅटरी तपासणारा ड्रायव्हर असेल. वीज वाचवणाऱ्या सेटिंग्जही इथेच बघून घ्या. चार्जर काढला की लॅपटॉप प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि यूएसबी पोर्टना झोपवण्याची एक सोय असते ती इंटरफेसलाही डुलकी काढायला लावते. बंद करा.

तिसरं कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात शिकवणारं, म्हणून जरा थांबतो. आता रिकामं प्रोजेक्ट स्वच्छ, पण भजनाचं प्रोजेक्ट कोरस आला की तुटतंच. म्हणजे दोष प्रोजेक्टमध्ये. आजची सॉफ्टवेअरं एक हुशारी करतात. जे ट्रॅक आधीच रेकॉर्ड झालेत त्यांत पुढे काय येणार हे ठाऊक असतं, म्हणून ते थोडं आधीच शिजवून ठेवतात. क्यूबेसमध्ये याला एएसआयओ-गार्ड म्हणतात, रीपरमध्ये ॲन्टिसिपेटिव्ह एफएक्स. त्यामुळे बफर लहान असूनही मिक्स वाजतं. पण जो ट्रॅक रेकॉर्डसाठी सज्ज ठेवलाय किंवा ज्याचं मॉनिटरिंग चालू आहे, म्हणजे जो सॉफ्टवेअरमधून थेट ऐकवला जातोय, त्याचं आधी शिजवता येत नाही. गायक पुढच्या क्षणी काय गाणार हे संगणकाला कसं कळणार? तो ट्रॅक, त्याच्यावरच्या सगळ्या प्लगइनसकट, तव्यावरून थेट पानात. माझ्या प्रोजेक्टमध्ये कोरसच्या सहाही ट्रॅकची मॉनिटरची बटणं चालू राहिली होती, आणि प्रत्येकावर आवाजाला घुमारा देणारं एकेक जडशीळ प्लगइन, रिव्हर्ब. सहा बटणं बंद केली. दोन सेकंदांचं काम. दीड दिवस आणि एक रॅम.

चौथं मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे. पंगतीत वाढपी कितीही असोत, वरण-भातावर तूप वाढणारा एकच असतो आणि ते पडल्याशिवाय कोणी सुरू करत नाही. मास्टरची साखळी म्हणजे हा तूपवाला. सगळ्या ट्रॅकचं काम आटोपल्यावर तिचं काम सुरू होतं, आणि त्या साखळीतली प्लगइन एकामागून एकच चालतात. प्रोसेसरला आठ कोअर असले तरी इथे एकाच्याच खांद्यावर भार. अपग्रेडबरोबर माझ्या लिमिटरचीही (आवाज ठरावीक पातळीवर न जाऊ देणारं प्लगइन) नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यात ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे सॅम्पल रेट आतल्या आत वाढवून काम करणं, मुळातच चालू होतं. रेकॉर्डिंग संपेपर्यंत मास्टर मोकळा ठेवा. मला हे माहीत होतं. तरी ठेवला नव्हता.

एक राहिलं. अपग्रेडनंतरचा पहिला तास चाचणीसाठी धरू नका. नवी आवृत्ती सगळी प्लगइन पुन्हा तपासत असते, ट्रॅकची चित्रं नव्याने काढत असते, अँटिव्हायरस तिच्या प्रत्येक नव्या फाइलकडे संशयाने बघत असतो. हे आटोपू द्या, मशीन एकदा बंद करून चालू करा, मग मोजायला बसा.

आणि वाईट बातमी. प्लेबॅकमधली टक पुसली जाते. पण रेकॉर्ड करत असताना ड्रॉपआउट झाला असेल तर ते नमुने आलेच नाहीत, ती जागा कायमची रिकामी. मंडळी घरी जाण्याआधी प्रत्येक टेक एकट्याने, सोलो करून ऐका. मी ऐकला नाही आणि पेटीवाल्या ताईंना वसईहून परत बोलवावं लागलं. त्या आल्या, काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

सगळं झाल्यावर गाणं एक्स्पोर्ट केलं. दुसऱ्या अंतऱ्यात, समेच्या जरा आधी, एक टक होतीच. पुन्हा एक्स्पोर्ट केलं, त्याच जागी. म्हणजे आपल्या कसोटीप्रमाणे ती ट्रॅकमध्येच होती. एकेक ट्रॅक सोलो करत गेलो. पखवाज. काकांच्या उजव्या हातात जाड चांदीची अंगठी आहे, ती खोडाला लागली होती. संध्याकाळी त्यांना मुद्दाम ती जागा ऐकवली. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकली आणि म्हणाले, "तुमचं ते नवीन सॉफ्टवेअर अजून नीट झालेलं दिसत नाही."