आवळणे आणि सोडणे : स्नायूंचे काम जवळून पाहताना

(दृश्य : एका डोळ्याचे अगदी जवळून घेतलेले चित्र. बाजूने प्रकाश येतो, जातो.)

आपण पाहत आहोत तो एक डोळा आहे, इतक्या जवळून टिपलेला की बुबुळातील एकेक धागा वेगळा दिसावा. प्रकाशाचा झोत पडताच बाहुली झटकन आकसते आणि झोत दूर झाल्यावर पूर्ववत होते. मात्र आकसायला जितका वेळ लागला त्याहून अधिक वेळ ती मोठी होण्यासाठी घेते. बाहुलीभोवतीचा हा कड्यासारखा स्नायू या व्यक्तीच्या आज्ञेत नाही. तिने कितीही ठरवले तरी प्रकाश पडल्यावर तो आवळल्यावाचून राहणार नाही. शरीरातील अरेखित, म्हणजे आडवे पट्टे नसलेला आणि आपोआप चालणारा, स्नायू काम करताना उघड्या डोळ्यांना दिसावा अशा जागा फार थोड्या आहेत. थंडीने अंगावर काटा येतो ती एक, आणि ही दुसरी.

(दृश्य : दंड. हातात वजन. कोपर दुमडते आणि संथपणे सरळ होते.)

हा दंड मात्र आज्ञेत आहे. कोपर दुमडले की बेटकुळी वर येते आणि स्नायू फुगल्यासारखा दिसतो. मेंदूकडून येणारा एखादा वायू किंवा रस स्नायूत भरतो आणि त्यामुळे तो फुगतो, असा समज फार जुन्या काळापासून चालत आला होता. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच शास्त्रज्ञाने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत बंद करून तो आवळला जाताना पाहिला आणि त्याचे आकारमान वाढत नाही हे दाखवून दिले. स्नायूची लांबी घटते तेव्हा त्याची जाडी वाढते, एवढेच तेथे घडते. बाहेरून त्यात काहीही भरले जात नाही.

वजन खाली येतानाचे चित्रण आम्ही मुद्दाम संथ गतीने ठेवले आहे. येथे स्नायू सैल पडलेला नाही. तो ताण धरून ठेवतो आणि तो धरलेला असतानाच लांब होत जातो. आकुंचनाविषयी पुष्कळ बोलले जाते, सोडण्याविषयी फारच थोडे. म्हणून या चित्रफितीत आवळण्याइतकेच लक्ष सोडण्याकडे दिले आहे, कारण व्यायामाचे बरेचसे मर्म तेथे आहे असे आम्हाला वाटते.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली कंकाल स्नायूचा तंतू. आडवे पट्टे.)

कंकाल स्नायूचा, म्हणजे हाडांना जोडलेल्या स्नायूचा, हा एक तंतू म्हणजे एकच पेशी आहे. तिची जाडी फार तर केसाएवढी असते, पण काही स्नायूंत लांबी कित्येक सेंटिमीटर भरते आणि एकाच पेशीत शेकडो केंद्रके असतात. तिच्यावर दिसणाऱ्या गडद आणि फिकट आडव्या पट्ट्यांमुळेच शालेय पुस्तकांत या स्नायूला पट्टकी स्नायू म्हटले जाते. पट्ट्यांची एक पूर्ण जोडी जेथे बसते त्या कप्प्याला सार्कोमिअर म्हणतात. त्याची लांबी साधारण २ ते २.५ मायक्रोमीटर असते, म्हणजे अवघ्या १ सेंटिमीटर लांबीत असे ४,००० किंवा त्याहून अधिक कप्पे एकापुढे एक जोडलेले असतात.

आता तंतू आवळला जात आहे. गडद पट्ट्याकडे पाहावे : त्याची रुंदी बदलत नाही. अरुंद होतो तो फिकट पट्टा. एवढ्याशा निरीक्षणातून विसाव्या शतकातील शरीरशास्त्राला एक मोठा उलगडा झाला. २२ मे १९५४ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध शेजारी शेजारी छापले गेले. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा होता, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सली एकमेकांचे नातलग नव्हते. एका जोडीने बेडकाचे जिवंत तंतू अभ्यासले होते आणि दुसरीने सशाच्या स्नायूतून वेगळे काढलेले सूक्ष्म धागे. निष्कर्ष मात्र एकच निघाला. स्नायूतील धागे स्वतः आखडत नाहीत. मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे आणि ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे एकमेकांवरून सरकतात आणि त्यामुळे कप्पा लहान होतो.

(दृश्य : संगणकावर तयार केलेले चलत्चित्र. मायोसिनचे डोके.)

दोर ओढताना आपण एका हाताने पकडतो, खेचतो, सोडतो आणि पुन्हा पुढची पकड घेतो. जाड धाग्यातून बाहेर आलेली मायोसिनची डोकी नेमके हेच करतात. एका खेपेस धागा फार तर १० नॅनोमीटर सरकतो, परंतु अशी असंख्य डोकी आळीपाळीने खेचत असल्यामुळे हातातील वजन उचलले जाते.

येथे क्षणभर थांबून नीट पाहण्यासारखे काही आहे. या डोक्याला ऊर्जा पुरवणारा एटीपीचा रेणू त्याला येऊन चिकटला की पहिली गोष्ट घडते ती पकड सुटण्याची. त्यानंतर तो रेणू फुटतो, डोके पुढच्या खेचीसाठी ताणलेल्या अवस्थेत येते आणि नव्या जागी धागा धरते. म्हणजे एटीपी नसेल तर धरलेला धागा सोडता येत नाही. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठरते ते याचमुळे. एटीपी संपलेला असतो आणि डोकी धागा धरून अडकून राहतात.

(दृश्य : रंगद्रव्य भरलेली जिवंत पेशी. हिरवी चमक उठते आणि मावळते.)

ही हिरवी चमक कॅल्शियमची आहे. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे निरोप पोचवणारे द्रव्य स्रवते, तंतूच्या आवरणावर विद्युत लहर पसरते आणि आत साठवलेले कॅल्शियम एकदम मोकळे होते. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते. ट्रोपोनिनचा शोध १९६० च्या दशकात जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी लावला. ॲक्टिनवरील झाकण त्याच्यामुळे बाजूला सरते आणि मायोसिनला पकडीची जागा खुली होते. चमक उठायला क्षणही लागत नाही, पण ती मावळवण्यासाठी पेशीला कष्ट पडतात : एका एटीपीच्या मोबदल्यात कॅल्शियमचे २ आयन, या हिशेबाने सूक्ष्म पंप ते पुन्हा कोठारात भरत राहतात. स्वस्थ तंतूच्या आतील मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण बाहेरच्या द्रवातील प्रमाणाच्या सुमारे १०,००० व्या हिश्श्याएवढे कमी ठेवलेले असते. निवांत पडलेला स्नायूसुद्धा हा खर्च सतत करत असतो.

(दृश्य : अरेखित स्नायूची एक पेशी. ती आवळताना पिळवटते.)

आता अरेखित स्नायू. तकलीसारखी दोन्ही टोकांना निमुळती अशी ही पेशी असते आणि तिच्यात केंद्रक एकच असते. ॲक्टिन आणि मायोसिन येथेही आहेत, पण ते ओळीने रचलेले नसून तिरकस जाळ्यासारखे बांधलेले असल्यामुळे पट्टे दिसत नाहीत. त्यामुळेच पेशी आखूड होताना स्क्रूसारखी पिळवटते. हे दृश्य टिपायला आम्हाला बराच वेळ द्यावा लागला आणि ते कोठेही न कापता पूर्ण ठेवले आहे.

येथे ट्रोपोनिन नाही. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला धरते, त्याच्यामुळे एक विकर जागे होते आणि ते मायोसिनवर फॉस्फेटचा गट बसवते. तेव्हा कुठे खेच सुरू होते. स्नायू सैल होण्यासाठी तो फॉस्फेट दुसऱ्या विकराने काढून घ्यावा लागतो. ही सारी साखळी संथ असते. कंकाल स्नायूचा एक झटका सेकंदाच्या लहानशा अंशात संपतो, तर अरेखित स्नायू कित्येक सेकंद घेतो. मात्र एकदा पकड घेतली की तो फार थोड्या ऊर्जेत ती दीर्घकाळ टिकवू शकतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू आयुष्यभर असे अर्धवट आवळलेल्या स्थितीत असतात.

(दृश्य : क्ष-किरण चित्रण. अन्ननलिकेतून खाली सरकणारा घास.)

घास स्वतःच्या वजनाने पोटात पडत नाही. त्याच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा भाग सैल होतो. १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी आतड्याच्या बाबतीत हा नियम मांडला. पुढची वाट सोडली गेली नाही तर मागच्या आवळण्याचा काहीच उपयोग होत नाही.

सोडण्याच्या या कथेतील सर्वांत लक्षणीय प्रसंग १९८० सालचा आहे. रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झावाड्झ्की यांनी सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलिनचा प्रयोग केला. हे तेच द्रव्य आहे, ज्याच्या आदेशाने कंकाल स्नायू आवळतो. ज्या पट्ट्यांचे आतील नाजूक अस्तर शाबूत होते त्या सैल पडल्या, आणि ज्यांचे अस्तर घासून निघाले होते त्या सैल पडल्या नाहीत. याचा अर्थ सैल होण्याचा निरोप त्या एका पेशीच्या जाडीच्या अस्तरातून येत होता. पुढे तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना विभागून देण्यात आले.

(दृश्य : फिरत्या पट्ट्यावर धावणारी व्यक्ती. चेहरा, पोटऱ्या, श्वास.)

धावणे सुरू झाले आहे आणि पहिल्या काही सेकंदांतच पोटरीतील तयार एटीपी आणि ती लगोलग भरून काढणारे क्रिएटिन फॉस्फेट यांचा साठा उतरू लागला आहे. यापुढचे काम ग्लुकोज आणि चरबी यांच्यावर चालेल आणि त्यासाठी रक्त हवे. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते आणि त्यातील जेमतेम एक पंचमांश कंकाल स्नायूंकडे जाते. जोरदार व्यायामात हा प्रवाह २० ते २५ लिटरपर्यंत चढतो आणि त्यातील ८० टक्क्यांच्या आसपास वाटा स्नायू घेतात. ही फेरवाटणी करतो तो अरेखित स्नायू. आतड्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या वाहिन्या तो आवळतो, कामात असलेल्या स्नायूंच्या वाहिन्या सोडतो आणि श्वासनलिकाही मोकळ्या करतो. बारीक वाहिनीचा व्यास १० टक्क्यांनी वाढला तर तिच्यातील प्रवाह जवळजवळ दीडपट होतो, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो.

(दृश्य : अल्ट्रासाउंडचा पडदा. दंडाच्या रोहिणीच्या दोन भिंती.)

या दोन पांढऱ्या रेषा रोहिणीच्या भिंती आहेत. हाताला बांधलेला पट्टा ५ मिनिटे फुगवून ठेवला होता आणि तो आत्ताच सोडला आहे. अडलेले रक्त वेगाने धावते, त्याच्या घासण्याने आतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि भिंतीतील स्नायू सैल पडतो. रेषा एकमेकींपासून किंचित दूर सरकतात. फरक मिलिमीटरच्या अंशाचा आहे, तरीही पडद्यावर तो मोजता येतो. नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांतून रक्त असेच पुन्हा पुन्हा वेगाने वाहत जाते आणि महिन्यांच्या सरावाने हे सैल होणे अधिक सहज होत जाते. रक्तदाब उतरण्यात त्याचा वाटा आहे.

(दृश्य : दुसऱ्या दिवशीची सकाळ. जिना उतरणारे पाय.)

पहिल्या दिवसाच्या व्यायामानंतर अंग आंबते. या शब्दामुळे आम्लाची आठवण होते आणि दुखणे लॅक्टिक आम्लाचे आहे असे बहुतेकांना वाटते, पण ते आम्ल व्यायामानंतर तासाभरातच रक्तातून ओसरलेले असते, तर दुखणे २४ ते ७२ तासांत ऐन भरात येते. ते येते तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे, आणि विशेषतः ताण धरून लांब होण्याच्या कामाने, म्हणजे वजन खाली ठेवताना आणि उतार उतरताना.

याच तंतूंच्या कडेला सुप्त पेशी चिकटून असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्या प्रथम दाखवल्या. इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात आणि तंतूला नवी केंद्रके देतात. पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मात्र मुख्यतः स्नायूची नसते, चेतासंस्थेची असते : अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावणे ती शिकते. जाडी त्यानंतर वाढते. दीर्घकाळ धावण्याने पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका आणि केशवाहिन्या वाढतात.

(दृश्य : पाठ असलेली साधी खुर्ची. एक वृद्ध स्त्री.)

१९९० मध्ये बोस्टन येथे सरासरी ९० वर्षे वयाच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या अशक्त व्यक्तींना ८ आठवडे वजनांचा व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. वय झाले म्हणून स्नायू शिकायचे थांबतो, हे म्हणणे त्यानंतर टिकत नाही.

या आजींची आज सहावी खेप आहे. हातांचा आधार न घेता त्या उभ्या राहिल्या आहेत. आता खाली बसायचे आहे. मांडीचा स्नायू शरीराचा भार धरून, थोडा थोडा सोडत लांब होत आहे आणि त्यातील पकडी एकेक करून सुटत आहेत.

(निवेदन येथे थांबते. त्या बसेपर्यंत दृश्य तसेच चालू राहते.)