रॅकूनसाठी गोड लस

(दृश्य: रात्रीचा रस्ता, एक व्हॅन)

डिसेंबर 2015. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातलं हॅमिल्टन शहर. भटकी जनावरं उचलणाऱ्या गाडीत दोन धिप्पाड कुत्रे आणि एक आजारी रॅकून. वाटेत गाडीच्या आतच तिघांची जुंपली. चावाचावी झाली म्हणून रॅकूनची तपासणी केली, आणि अहवाल आला रेबीजचा. 2005नंतर प्रांतात रॅकूनचा रेबीज सापडलाच नव्हता.

आपल्याकडे रेबीज म्हटलं की पिसाळलेला कुत्रा आठवतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात मात्र या रोगाने रॅकूनमध्ये ठाण मांडलं आहे. डोळ्यांभोवती काळा पट्टा, शेपटीवर कडी, अंगाने मांजरापेक्षा थोराड असा हा निशाचर जंगलाइतकाच शहरातही रमतो. टोरांटो पालिकेने त्याला उघडता येऊ नयेत असे खिट्टीचे कचराडबे मुद्दाम आणले. काही बहाद्दरांनी तेही उघडून दाखवले!

अशा प्राण्याला पकडून सुई टोचायची कशी? लहानशा भागात पिंजरे लावून तेही करतात. पण हजारो चौरस किलोमीटरवर ते जमणार नाही. तिथे लसच त्याच्या तोंडी जाईल अशी सोय करावी लागते.

(दृश्य: हातमोजा घातलेल्या तळहातावर हिरवट वडी)

हे ते आमिष. काडेपेटीहून लहान, खाकी-हिरवी वडी. वनस्पतिजन्य चरबी, मेण, पिठीसाखर, तेल आणि मार्शमेलो या मऊ, गोड मिठाईचा कृत्रिम स्वाद. आत प्लास्टिकची छोटी कुपी, तिच्यात द्रवरूप लस. अमेरिकेत वापरतात त्या दुसऱ्या एका आमिषाला माशांच्या कुटीचा लेप असतो. आपण नाक दाबू, पण रॅकून त्यावर तुटून पडतो.

मात्र वडी नुसती गिळून उपयोग नाही. लस थेट पोटात गेली तर वाया गेली. रॅकूनने वडी चावायला हवी, कुपी फुटायला हवी आणि द्रव तोंडाच्या आतल्या त्वचेला, टॉन्सिलना लागायला हवा. मग दोन-तीन आठवड्यांत प्रतिकारशक्ती तयार होते. लशीत रेबीजचा विषाणू नसतोच, त्याच्या एका प्रथिनाचं जनुक दुसऱ्याच विषाणूत बसवलेलं असतं. त्यामुळे लशीतून रेबीज होत नाही.

पाळीव कुत्र्याने वडी खाल्ली तर फार तर पोट बिघडतं. पण ती त्याच्या तोंडातून ओढून काढायला जाऊ नये. 2000 साली ओहायोत एका बाईने तसं केलं, तेव्हा कुत्रा तिला चावला आणि अमेरिकी लशीतल्या व्हॅक्सिनिया विषाणूचा संसर्ग तिला झाला. हा तोच विषाणू, जो एकेकाळी देवीच्या लशीत असायचा. बाई बरी झाली.

(दृश्य: पिवळं विमान, खाली शेतं आणि झाडी)

गावाबाहेर, शेतं आणि रानांवर वड्या विमानातून सोडतात. वस्तीत माणसं झुडपांत, ओढ्याकाठी हाताने ठेवत जातात. सगळे रॅकून लस खात नाहीत, आणि तशी गरजही नसते. पुरेशा रॅकूनमध्ये प्रतिकारशक्ती आली की रोगाला पुढचं भक्ष्य मिळणं अवघड होतं. अमेरिकेनेही ॲपलाचियन डोंगररांगेच्या बाजूने असाच लसीचा पट्टा राखला आहे, रोग पश्चिमेला सरकू नये म्हणून.

मग हॅमिल्टनमध्ये रोग आला कुठून? विषाणूच्या जनुकांचा माग काढल्यावर तो न्यूयॉर्क राज्याच्या आग्नेय भागातल्या विषाणूशी जुळला. म्हणजे शेकडो किलोमीटर दूर. रॅकून सहसा एवढा प्रवास पायी करत नाही. मालाच्या ट्रकमध्ये शिरून आला असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. रॅकूनचा रेबीज आधी फ्लोरिडा आणि आसपासच्या राज्यांपुरता होता. 1970च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी तिकडचे रॅकून गाड्यांत भरून व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवर नेऊन सोडले गेले. रोगही त्यांच्याबरोबर गेला. पुढे तो अख्ख्या पूर्व किनाऱ्यावर पसरला आणि 1999मध्ये ओंटारियोत शिरला. तेव्हा तो आवरायला काही वर्षं लागली. व्हर्जिनियाच्या उडीत वाहन माणसाचंच होतं, हॅमिल्टनच्या उडीतही बहुधा तसंच, आणि खर्च मात्र विमानं भरभरून वड्या टाकण्याचा. हॅमिल्टननंतर पुन्हा शेकडो रॅकून आणि स्कंक (दुर्गंधी फवारणारा एक छोटा प्राणी) बाधित सापडले.

(दृश्य: पोटमाळ्याच्या फटीतून डोकावणारा रॅकून)

घराच्या माळ्यावर रॅकूनने पिल्लं घातली की लोकांना वाटतं, पकडावं आणि लांबच्या रानात सोडून यावं. ओंटारियोच्या कायद्यात ते बसत नाही. पकडलेला रॅकून जिथे धरला तिथून 1 किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो.